पाव फेरा

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आखातातल्या एका बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर होता. एका सुट्टीत त्याने उभ्याने चालवायची जेट स्की आणली, तिथल्या मालकाने मोडीत काढलेली. लाकडी खोक्यातून ती मुंबईहून ट्रकने हातखंब्याला उतरली आणि आम्ही टेम्पोने पूर्णगडला त्यांच्या घरी नेली. मी तेव्हा रत्नागिरीत मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचो. हिच्यासारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं म्हणाल तर फक्त स्कूटरचं इंजिन उघडलेलं. तेवढ्यावर छाती पुढे.

आधी पाणी मागे फेकून तिला पुढे ढकलणाऱ्या पंपाने रडवलं. इंजिन नुसतं कोकलायचं, जेट स्की जागची हलायची नाही. पंप सोडवला तर वाळूने आतल्या पंख्याच्या कडा खाल्लेल्या, जाळ्याचा नायलॉन दोरा दांड्याभोवती आवळलेला. दोरा कापला, भावोजींनी आणलेला दुसरा पंखा बसवला, आणि ती खाडीत अशी सुटली की जेटीवरची माणसं ओरडायला लागली.

"अजून थोडी पळेल का हो, दादा?" भावोजींनी विचारलं.

बहीण, तिचे सासरे, शेजारी, सगळे बघत होते. मी कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा आत फिरवून पेट्रोल कमी केलं. वेग वाढला. एक चक्कर झाल्यावर प्लग काढून पाहिला. तो तपकिरी हवा, पांढराफटक होता. इंजिन आतून प्रमाणाबाहेर तापत होतं. मला कळलं. पण सगळे वाहवा करत होते. प्लग पुसून परत बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी खाडीच्या मुखाबाहेर गेले. मी किनाऱ्यावरून आवाज ऐकत होतो. तो चढत गेला आणि मध्येच तुटला. वारा जमिनीवरून समुद्राकडे होता. बघता बघता ते ठिपक्याएवढे झाले.

"दादा, काहीतरी कर ना!" बहिणीने माझा दंड धरला.

मी बोटवाल्यांकडे धावलो. ओहोटी लागलेली, बोट चिखलात रुतलेली. ती पाण्यात ढकलेपर्यंत तास गेला. आम्ही पोचलो तेव्हा भावोजी जेट स्कीला कवटाळून पाण्यात लोंबकळत होते. त्यांची आवळलेली बोटं सोडवायला दोघे लागले.

इंजिन मीच उघडलं. पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला होता. भावोजी घोंगडी पांघरून शेजारी बसले होते.

"ऑइल मी कमी घातलं," ते बहिणीला म्हणाले. "चूक माझीच."

बहीण त्यांना वाट्टेल ते बोलली. मी पिस्टन ठोकून सोडवत राहिलो.

दोन वर्षांनी ते पुन्हा सुट्टीवर आले, तेव्हा मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"ऑइल मी मोजून घातलं होतं, दादा."

"मग तसं का म्हणालात?"

"सगळ्यांसमोर तुमची मान खाली गेली असती. वाटलं, मागाहून तुम्हीच येऊन सांगाल. परत जायच्या दिवसापर्यंत वाट पाहिली." मग म्हणाले, "टगबोट सोडली मी. गोदामात असतो आता. पाण्यावर उभं राहवत नाही."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि बहिणीलाही सांगितलं. ती नारळ खवत होती. हात थांबला.

"आणि मी दोन वर्षं प्रत्येक पत्रात त्यांना बोल लावत आले," ती म्हणाली. आणि खवणी तशीच टाकून बाहेर त्यांच्याकडे गेली.