नऊ तुकड्यांचा शब्द

गल्लीत तिला सगळे फ्रेंचबाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला शिंपीकाका. दोघांचा धंदा एकाच खोलीत चाले. अलीकडे त्यांचं मशीन, पलीकडे तिची फ्रेंचची शिकवणी, मधे कापड बेतायचं लांबलचक टेबल. फळ्याला जागाच नव्हती. म्हणून ती काकांचाच खडू उचलून टेबलावर लिही आणि काका कपाळाला हात लावत. काय सुखाचे दिवस होते ते!

नव्या मुलींची भीड मोडायला तिचा एक ठेवणीतला शब्द होता: ओतोरिनोलारँगोलोजीस्त. म्हणजे कान-नाक-घशाचा डॉक्टर. "एवढं नाव घेईपर्यंत दुखणं बरं होतं," असं काका मशीनवरून म्हणत आणि मुली हसून बेजार होत. मग ती खडूच्या रेघांनी शब्दाचे नऊ तुकडे पाडी आणि शेपटीकडून म्हणायला लावी. आधी नुसतं 'जीस्त', मग 'लोजीस्त', मग 'गोलोजीस्त'. जोर शेवटच्या तुकड्यावर असतो, तो तोंडात बसला की बाकीचे आपसूक येतात, असं तिचं म्हणणं. तीस वर्षं ऐकून काकांनाही तो पाठ झाला होता. बाकी फ्रेंचच्या नावानं ठणठणगोपाळ!

मग तिला पक्षाघात झाला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलतं करत राहा. सहा महिन्यांत शब्द फुटला नाही, तर आशा कमीच." पाच महिने काका एकटेच बोलले. ती नुसती बघायची. जिनं जन्मभर दुसऱ्यांना बोलायला शिकवलं तिचीच ही गत, या विचारानं त्यांना रडू येई.

एका दुपारी त्यांनी तिला टेबलापाशी बसवलं. फ्रेंच लिहिता येत नव्हतं, म्हणून नुसत्याच रेघा मारल्या.

"अगं, म्हण. जीस्त."

ती गप्प.

"लोजीस्त. गोलोजीस्त."

गप्पच. काका घाईला आले आणि 'रँगोलोजीस्त'च्या जागी 'रंगालोजीस्त' म्हणून बसले.

तिचा हात टेबलावर आपटला. ओठ वाकडे करत, मोठ्या कष्टानं ती म्हणाली, "चूक."

काकांच्या डोळ्यांना धार लागली. "काय म्हणालीस?" असं विचारून त्यांनी पुन्हा 'रंगालोजीस्त' म्हटलं.

"चूक!" या वेळी चांगलीच चिडून.

संध्याकाळपर्यंत तीन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली. काका आत मुद्दाम चुकत बसले होते.