छापील प्रतीतून गळलेली ओळ

मंडळातील मित्रहो, पेणहून लिहीत आहे.

माझा आणि गेल्या वर्षी वारलेल्या आमच्या सरांचा शोधनिबंध खाडीकाठच्या विहिरींच्या पाण्यावर आहे. एकाच मूळ फायलीतून छापील प्रत आणि वेबपान, दोन्ही काढता येतात, याचे मला केवढे अप्रूप! त्या फायलीत टक्केचिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे लेखकाची खासगी टीप. छपाईत ती आपोआप गळते.

आज सकाळी प्रथमच वेबपान काढले. माझ्या नव्या प्रोग्रामला हा नियम शिकवायचे राहून गेले होते. तक्त्याखाली पडद्यावर सरांनी माझ्यासाठी लिहिलेली ओळ उमटली: ‘बाई, तिसऱ्या विहिरीचे पाणी पुन्हा तपासा. बाटल्यांची अदलाबदल झाली असावी.’

छापील प्रत मी चार वेळा वाचली होती, मूळ फाईल एकदाही नाही. तिच्यात त्या विहिरीचे पाणी पिण्यायोग्य म्हटले आहे.

दुपारी रिकामी बाटली घेऊन तिथे गेले. मिठागरात काम करणाऱ्या एक आजी पाणी शेंदत होत्या. बाटलीकडे पाहून म्हणाल्या, “आलीस गो बाय? तुझं सर सांगून गेलेलं, बाई बाटली घेऊन येतील, तवर हे पानी पिऊ नका.”

“मग?”

“पावसाळाभर वाट बघली. मंग प्यायला लागलो. दुसरी हीर हाय कुठं?”

भरलेली बाटली आता संगणकाशेजारी आहे. छापील प्रत घालून संपादकांसाठी चिकटवलेले पाकीट मी फोडले आहे.

तुमच्या फायलींत अशी कुणाची ओळ थांबली आहे का, आजच उघडून पाहाल?