नाल्यात थांबणारी गाडी

माझ्या मुलीची शाळेची गाडी रोज दुपारी नाल्यात जाऊन उभी राहते, हे मला माझ्या फोननं सांगितलं.

आम्ही आसेगावचे. मी इथल्याच जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि मुलगी मंगरूळपीरच्या शाळेत जाते. यंदा तिच्या शाळेनं सगळ्या गाड्यांना एक एक डबी बसवली. तेव्हापासून पालकांच्या फोनवर नकाशा दिसतो आणि नकाशावर पिवळा ठिपका सरकतो. तो ठिपका म्हणजे गाडी. शेवटच्या तासाला पोरांना पाढे लिहायला सांगायचे आणि टेबलाखाली ठिपका बघायचा, हा माझा रोजचा उद्योग झाला.

फाट्यापर्यंत ठिपका नीट यायचा. फाट्यावर मात्र डांबरी रस्ता सोडून बाभळींच्या पलीकडे जायचा, नाल्यात थांबायचा, बराच वेळ तिथंच राहायचा आणि मग एकदम परत रस्त्यावर. एकदा वाटलं, नेटवर्कची गडबड असेल. पण रोज? आणि तीच जागा?

गाडीचा ड्रायव्हर आमच्याच वस्तीतला. मी त्याला दादा म्हणते. माझ्या लग्नाचं वऱ्हाड त्याच्याच काळीपिवळी जीपमधून आलं होतं. पण पेपरात ज्या बातम्या येतात त्यांतली माणसंही कोणाच्या तरी ओळखीचीच असतात. मी मुलीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी मधात कुठं थांबते गं?"

"फाट्यावर."

"मंग?"

"मंग काही नाही. दादा आमाले गोळ्या देते."

"कायच्या गोळ्या?"

"लिमलेटच्या."

त्या रात्री मी तिचं दप्तर उलटं करून पाहिलं. काही सापडलं नाही, आणि काही सापडलं नाही याचंही मला बरं वाटलं नाही. नवरा नोकरीसाठी वाशीमला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "माणूस चांगला हाय तो." चांगला आहे हे मलाही माहीत होतं. प्रश्न नाल्याचा होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि स्कुटीवर फाट्याला गेले. तिथं रस्त्याला लागून सोयाबीनचं मोठं टिनाचं गोदाम आहे. त्याच्या कोपऱ्याआड उभी राहिले. गाडी आली आणि गोदामाच्या भिंतीला खेटून, सावलीत थांबली. मी फोन पाहिला. ठिपका बाभळींतून चालत नाल्यात उतरला. मान वळवून नाल्याकडे पाहिलं, तर तिथं दोन म्हशी. गाडी माझ्यासमोर, लेकरांचा गलका माझ्या कानात, आणि फोन म्हणतो, गाडी तिथं.

मी पुढं झाले. दादा खाली उतरला होता. मला पाहून आधी दचकला, मग माझ्या हातातल्या फोनकडे पाहून त्याला समजलं.

"मॅडम, माह्यावर पहारा करून राह्यल्या का?"

"इथं रोज कायले थांबता तुमी?"

"तांड्यातले लेकरं इथं उतरतात. त्याइले घ्याले घरचं कोनी आल्याबिगर मी गाडी हलवत नाही. बाकीचे रडाले लागले का गोळ्या देतो." मग त्याचा आवाज खाली आला. "दोन घरच्यायनं लेकरं बंद केले माह्या गाडीतून. काहून, ते कोनी सांगत नव्हतं. हेच व्हय का ते?"

मी त्याला फोन दाखवला. त्यानं ठिपक्याकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं.

"मी इथं हाव. मंग थो कोन हाय?"

मी शाळेला कळवलं आणि शाळेनं डब्या बसवणाऱ्याला बोलावलं. मी हट्टानं हजर राहिले, कारण चूक त्याची असेल तर तो ती झाकणार, अशी माझी खात्री होती. मी म्हटलं, "तुमचा उपग्रह वरून गाडी पाहते, तर चुकीची काहून पाहते?"

तो म्हणाला, "वरून कोणी काही पाहत नाही, मॅडम. उपग्रह फक्त बोलतो. मी कुठं आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजले, एवढंच सारखं सांगत राहतो. डबी ते ऐकते. निरोप यायला किती वेळ लागला त्यावरून तो उपग्रह किती दूर आहे ते काढते. असं तीन उपग्रहांचं अंतर मिळालं की जागा निघते."

"मंग तीन पुरतात?"

"नाही, चौथा लागतो. उपग्रहांचे घड्याळं लई महागाचे. डबीतलं साधं, जरासं चुकतं. पण निरोप उजेडाच्या वेगानं येतो, म्हणून त्या जराशा चुकीत गाडी कुठल्या कुठं जाते. चौथ्याच्या निरोपावरून डबीला आपल्या घड्याळाची चूक काढता येते."

"आन् नाला?"

"निरोप सरळ आला पाहिजे. टिनाच्या भिंतीवर आपटून आला तर उशिरा येतो. डबीला वाटतं, उपग्रह आणखी दूर आहे. मग ती जागा सरकवते."

एवढ्यानं माझं समाधान झालं नाही. गोदामाजवळून तर सगळ्याच गाड्या जातात. मी म्हटलं, "डबी दाखवा."

त्यानं ड्रायव्हरची सीट उचलली. खाली लोखंडी पत्रा, पत्र्याखाली डबी, घट्ट बांधलेली. तिला वरचं आभाळ दिसायची सोयच नव्हती. उघड्या रस्त्यावर बाजूनं येणाऱ्या निरोपांवर कसंतरी भागायचं; टिनाच्या भिंतीपाशी मात्र जे येईल ते इकडून तिकडून आपटूनच येणार.

"इथं काहून बसवली?"

त्यानं आवाज दबका केला. "शाळेचं म्हणणं होतं, ड्रायव्हरच्या हाताला लागू नये."

दादा मागेच उभा होता. त्यानं ऐकलं. तो जाऊन गाडीची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

डबी समोरच्या काचेजवळ लावली आणि आम्ही तिघं फाट्यावर गेलो. गाडी त्याच भिंतीला खेटून उभी केली. ठिपका रस्त्याच्या कडेला थांबला, जरासा हलला आणि तिथंच राहिला. पण मला वाटलं, या माणसानं काही कळ दाबली असेल. मी म्हटलं, "आता परत सीटखाली ठेवा." त्यानं नाखुशीनं ठेवली. आम्ही गाडीत बसून राहिलो, फोन मधोमध धरून. थोड्या वेळानं ठिपका हलला आणि बाभळींतून खाली निघाला.

"पाहा," दादा म्हणाला, "मी चाललो." हसला मात्र नाही.

डबी कायमची काचेजवळ आली. लेकरं बंद केलेल्या दोन्ही घरी मी गेले आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. एका घरचं लेकरू सोमवारपासून परत यायला लागलं. दुसऱ्या घरची बाई दारातच म्हणाली, "मशीन चुकते, हे तुमाले मशीनवाल्यानंच सांगितलं ना?" मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असं म्हणाले. ती म्हणाली, "डोळ्यानं तर फोनच पाह्यला ना तुमी." तिचं लेकरू अजून बापाच्या मोटरसायकलवर जातं.

मध्यंतरी एकदा ठिपका फाट्यावर फारच वेळ थांबला. रस्त्यावरच होता, नाल्यात नाही. तरी मी दादाला फोन लावला.

"तांड्यातून कोनी आलं नाही अजून," तो म्हणाला. "इश्वास नसंल तर या उभं राहाले."

मी गेले. आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिलो. शेवटी एक म्हातारी लुगड्याचा काचा सावरत धापा टाकत आली आणि नातवंडं घेऊन गेली. दादानं गाडी काढली. मी स्कुटी काढली आणि त्याच्या आरशात दिसेन एवढं अंतर ठेवून गावापर्यंत मागे मागे गेले.