उनपदेवच्या फाट्यावरील दगड

साल १९५१, माघ महिना. जबाबदार इसम तीन : फाट्यावर खूण न ठेवणारे रस्त्याचे खाते, दाद न घेणारे तिथले साहेब, आणि बैलगाडी भलतीकडे हाकणारे आमचे दाजी. ही यादी मी नऊ वर्षे ठणकावून सांगत आलो. ती खोटी आहे — हे आजवर कोणालाच सांगितलेले नाही.

त्या सकाळी आम्ही चोपड्याला बहिणीकडे होतो. चहा पिता पिता अक्का म्हणाली, "उनपदेवाला जाऊ या का? गरम झऱ्यात गुडघे शेकीन म्हणते." दाजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, लगेच बैल जुंपले. वांगी, पीठ, जळणाच्या काट्या, पोरेबाळे — सारे गाडीत.

अडावदच्या पुढे, फाट्यावर, भरीत-भाकरीसाठी थांबलो. जावयाने चुलीला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा रिवाज. म्हणून चूल मीच मांडली. दोन दगड मिळाले. तिसरा? रस्त्याच्या कडेला एक चुना फासलेला दगड उभा होता. तो उपटून पालथा घातला. त्यावर काही लिहिले आहे का, हे पाहिले का मी? नाही.

जेवणे झाली. मी उजवीकडे बोट दाखवले.

"नाना, झरा डाव्या अंगे शे, भाऊ," दाजी म्हणाले.

"पुरावा?"

"पुरावा? बैल तिकडेच पाही ऱ्हायनात ना!"

सगळे हसले. मी हसलो नाही — आणि गाडी उजवीकडे वळली.

लोटा राहिला म्हणून मी एकटाच मागे धावलो. चूल मोडली, दगड उलटला. 'उनपदेव' — आणि बाण डावीकडे. गाडी हाकेच्या अंतरावर होती. हाक मारली का? मी तो दगड पायाने रस्त्याकडेच्या चारीत लोटला.

वाट एका कोरड्या नाल्यात संपली. अंधाराच्या धाकाने तिथूनच परतलो. "दाजींनी गाडी हाकली," एवढेच मी घरी सांगितले — शब्द खरे, साक्ष खोटी. पुढल्या वर्षी अक्का गेली. झरा पाहायचा राहिला तो राहिलाच. आजही लग्नकार्यात लोक विचारतात, "काय दाजी, मांडव सापडला ना?" दाजी मान खाली घालून पान जुळवतात. चूल कोणी मांडली होती आणि तिसरा दगड कुठून उपटला होता, हे त्यांना ठाऊक आहे. जावयाने सासरच्या माणसाला उघडे पाडू नये, म्हणून ते गप्प राहिले? मी कधी विचारले नाही.

हे लिहिताना, नऊ वर्षांत प्रथमच, छातीवरचे काहीतरी उतरले आहे.

फाट्यावर खूण का नव्हती, याचा संबंधितांनी जाहीर खुलासा करावा, अशी मागणी मी तेव्हा याच साप्ताहिकातून केली होती. त्या मागणीचा एक शब्दही मी मागे घेत नाही. संबंधित इसम मी. खुलासा वर दिला आहे.