आईच्या रक्ताचं पत्रक

आमच्या घरात पत्रकं रद्दीसारखी साठायची. आई डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि युनियनच्या कमिटीवर एकटीच बाई. बाबा मी लहान असतानाच गेलेले. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले, मग निबंध. त्यातून एक समजूत पक्की बसली, की प्रत्येक दुःखाला कोणीतरी जबाबदार असतो आणि ते ठळक अक्षरात छापायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी आईच्या दंडांवर, मांड्यांवर निळे-काळे डाग उठायला लागले. कुठे आपटलीस, म्हणून विचारलं तर म्हणाली, कुठेच नाही. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं. कोपर स्टेशनजवळ आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दम लागून ती दुसऱ्या मजल्यावरच पिशवी टेकून बसायला लागली. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स निम्म्याहून कमी, पांढऱ्या पेशी कमी, हिमोग्लोबिनही घसरलेलं. शेजारच्या काकूंनी डेंग्यूच आहे असं जाहीर करून पपईच्या पानांचा रस आणला. त्यांचं मन राखायला आई तीन दिवस तो प्यायली. प्लेटलेट्स हलल्या नाहीत.

ठाण्याला रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरबाई भेटल्या. माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पोट दाबून पाहिलं, प्लीहा वाढलीय म्हणाल्या. स्कॅनमध्ये छातीत गाठी दिसल्या. हा टीबी असू शकतो, रक्ताचा कॅन्सर असू शकतो, किंवा तिसरंच काही, असं त्यांनी सांगितलं. रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतं, तेव्हा कमरेच्या हाडातून थोडी मज्जा काढून बघायला हवी.

मी कॅन्सर हा एकच शब्द ऐकला. वीस वर्षं आई त्या भुकटीत श्वास घेत होती. नीट मास्क द्या, वर्षातून एकदा सगळ्यांचं रक्त तपासा, ही मागणी तिनेच किती पत्रकांत लिहिली होती. मला पुरावा लागलाच नाही. आई कुशीवर झोपून हाडात सुई टोचून घेत होती त्याच आठवड्यात मी मजकूर लिहिला. मथळा होता, ‘कारखान्याने माझ्या आईचं रक्त खाल्लं.’ पाचशे प्रती छापल्या आणि सकाळच्या पाळीला गेटवर उभी राहून स्वतः वाटल्या. दोन बायका रडल्या. मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी आधी आईकडे पाहिलं. कॅन्सरच्या पेशी नाहीत, म्हणाल्या. मज्जेत सुजलेल्या पेशींचे बारीक बारीक पुंजके आहेत, तसेच छातीतल्या गाठींतही असणार. टीबीचे जंतू दिसलेले नाहीत, पण जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा, कल्चरचा, निकाल यायला काही आठवडे लागतात, तोवर थांबू. तोही नकारात्मक आला तर हा सार्कॉइडोसिस. शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा बाहेरचा जंतू सापडत नसतानाही भडकते. मज्जेत आणि प्लीहेत तिने ठाण मांडलं की रक्ताचे आकडे असे पडतात. गोळ्यांनी बहुतेक वेळा ताब्यात येतो.

आईने डोळे मिटून श्वास सोडला. मी विचारलं, “कारखान्यामुळे झालं ना?”

“होऊ शकतं, नसेलही. खरं कारण अजून कोणालाच माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “माहीत नसलेली गोष्ट मी लिहून देणार नाही.”

आईचा आजार बरा होण्यासारखा निघाला होता आणि मी चिडले होते.

त्याच संध्याकाळी कमिटीतले एक काका भेटायला आले, खिशात माझं पत्रक. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“भाषा झकास आहे,” ती म्हणाली. “माझं मरण छापून मोकळी झालीस गं.”

मी म्हटलं, खोटं कुठे आहे, फक्त सिद्ध व्हायचंय. ती म्हणाली, “गेटवर दोन्ही एकच. उद्या मॅनेजर हा रिपोर्ट नाचवेल आणि आमचं मास्कचं खरं बोलणंही खोटं ठरवेल.”

युनियनचा एक जुना रिवाज आहे. चुकीचं पत्रक ज्याने वाटलं, त्यानेच खुलासाही वाटायचा, त्याच गेटवर, त्याच पाळीला. काका म्हणाले, पोरीला कशाला, मी वाटतो. आईने नकारार्थी मान हलवली.

खुलासा लिहायला मला चार दिवस लागले. कॅन्सर नाही, नेमका आजार अजून ठरायचाय, कारण माहीत नाही, मी पुराव्याशिवाय लिहिलं. आणि शेवटी, म्हणूनच सगळ्यांचं रक्त दरवर्षी तपासा. तपासल्याशिवाय कोणालाच काही कळणार नाही. वाटताना एक लोडर हसून म्हणाला, “काय गं, कंपनीने चहा पाजला वाटतं?” कान तापले. पण त्याने कागद टाकला नाही, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. मग आवाज उतरवून विचारलं, त्याच्या बायकोलाही असाच दम लागतो, ती पलीकडच्या खात्यात आहे, तिला कुठे दाखवायचं. मी त्याला डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला.

कल्चर नकारात्मक आलं. स्टेरॉईडच्या गोळ्यांनी आईचा चेहरा पुरीसारखा फुगला, साखर वाढली, भूक अशी लागली की काकूंच्या घरचा वास आला तरी ती दार उघडायची. पण तिसऱ्या महिन्यात प्लेटलेट्स चढल्या, मग पांढऱ्या पेशीही. आता डोस उतरतोय. आजार परत उलटू शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी ठाण्याला जावं लागतं.

मॅनेजरने कँटीनमध्ये रक्ततपासणीला होकार दिलाय, फक्त तारीख देत नाही. आई भुकटीपासून लांब, स्टोअरमध्ये बदली घेऊन कामावर रुजू झालीय. काल तिने जेवताना मला तारीख मागणारं पत्रक लिहायला सांगितलं, आणि प्रत्येक ओळीपुढे ती कशावरून लिहिली ते समासात मांडायचं, असंही. मी अजून दुसऱ्याच ओळीवर आहे.