सासूबाईंच्या गुडघ्यासाठी जर्मन गाडी

रत्नागिरीत मांडवीला राहणाऱ्या एका निवृत्त डॉक्टरांना आपली जुनी जर्मन गाडी विकायची होती आणि माझ्या सासूबाईंचा उजवा गुडघा वाकत नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तो मी जोडला.

सासूबाई चिपळूणजवळ अलोऱ्याला एकट्या राहतात. सासरे कोयना प्रकल्पात नोकरीला होते. ते वारल्यावरही सासूबाईंनी गाव सोडलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन आमच्याकडे रत्नागिरीत करायचं ठरलं होतं आणि त्यासाठी बऱ्याच खेपा होणार होत्या. अडचण आमच्या छोट्या गाडीची होती. मागच्या खेपेला दवाखान्याच्या दारात त्यांना गाडीतून उतरताच येईना. मी आतून ढकललं, बायकोने बाहेरून ओढलं आणि एका रिक्षावाल्याने दोघांनाही सूचना केल्या. उतरल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, "पुन्हा या डबीत मी बसायची नाही. पाय असाच राहिला तरी चालेल."

त्या बोलल्या की तसंच वागतात. पाय तसाच राहिला असता तर त्या घरातच अडकून पडल्या असत्या. बायको दर शनिवारी एसटीने जाऊन त्यांचं सगळं बघून यायची आणि रविवारी माझ्याशी न बोलता झोपून राहायची. तेव्हा गाडी बदलायची, इथपर्यंत घरात एकमत होतं.

बायकोने उंच सीटची, रस्त्यात दर दोन गाड्यांमागे दिसते तशी एक गाडी पसंत केली होती. बसताना वाकावं लागत नाही आणि बिघडली तर कुठेही दुरुस्त होते. मी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी मांडवीला डॉक्टरांकडे गेलो.

गाडी गडद निळी होती. डॉक्टर कायमचे मुलीकडे पुण्याला निघाले होते आणि तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती. मी दार उघडून लावलं. बँकेच्या तिजोरीचं दार लागावं तसा जड, शांत आवाज आला. मी पुन्हा उघडून लावलं. मग पुन्हा.

"दार चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाले. "इंजिनही बघा."

इंजिन बघून मला काही कळलं असतं असं नाही. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. इंजिनाची आकृती काढू शकतो. डॉक्टर सरळ मनाचे होते. "समुद्र जवळ आहे, खालून बघितलंत तर वाईट वाटेल," असंही त्यांनी सांगितलं. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि पुढची सीट हळूहळू वर आली. ती वर येत असताना मला सासूबाईंचा गुडघा आठवला. त्याआधी आठवला नव्हता, हे कबूल करतो.

नेहमीच्या मेकॅनिकला घेऊन गेलो. तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आल्यावर हात पुसत म्हणाला, "गाडी एक नंबर, सर. फक्त माझ्या गॅरेजला आणू नका."

"का?"

"पार्ट मुंबईहून येणार, नाहीतर कोल्हापूरहून. तोवर ही माझ्या दारात उभी. लोक विचारणार, एवढी चांगली गाडी तुझ्याकडे कशी बंद पडली? काय सांगू?"

घरी मी यातलं "गाडी एक नंबर" एवढंच सांगितलं.

"सीट बटणाने वर होते," मी बायकोला म्हटलं. "आईंसाठी बरं पडेल."

"आणि घाटात बंद पडली तर आई बटण दाबत बसणार?"

"जर्मन गाडी आहे."

"घाट इथलाच आहे ना?" ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला हवीय ती. मग हवीय म्हणा की. आईच्या गुडघ्यावर कशाला लादताय?"

"माझं काय? मला कुठलीही चालते."

हे मी इतक्या सहज म्हणालो की क्षणभर मलाही पटलं. आमच्या घरात लहानपणापासून वस्तू लागायच्या, आवडायच्या नाहीत. सायकल लागायची, छत्री लागायची. पन्नाशी ओलांडल्यावर एक वस्तू नुसती आवडली, तर ती कशी मागतात हे मला माहीत नव्हतं.

गावचा चुलतभाऊ देवळाच्या मानकऱ्यांपैकी आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग भांडताव कशाला? कौल लाव. देवी काय ता सांगेल."

आमच्याकडे लग्नापासून विहिरीच्या जागेपर्यंत सगळ्याला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि सगळ्यांसमोर मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पाकळी ओली असते, सुकली की पडते, हे मी वर्गात समजावून सांगू शकतो. तरीही सोमवारी मी रजा टाकली. बायकोही आली. "आईचं नाव घेणार आहात, तर ऐकायला नको?" म्हणाली.

देवळात बरीच माणसं होती. गुरवाने विचारलं, "नवी की जुनी?"

"जुनी."

"जुन्या गाडीचा देवीला काय विचारतोस? मीच सांगतो."

लोक हसले. मग त्याने पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. "आई, ह्या तुझ्या लेकराला सासूच्या पायासाठी गाडी घ्यायची हाय..."

"होय महाराजा!" सगळे म्हणाले. बायको सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

पाकळी पडेना. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. एकही पाकळी हलली नाही. लोक घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. पाकळी अडली की माणसाने काहीतरी दडवलंय, असं आमच्याकडे समजतात.

"काय सांगायचा राहिलाय काय रे?" गुरवाने विचारलं.

मी नाही म्हणणार होतो. पण सासूबाईंचं नाव घेऊन एवढी माणसं हात जोडून उभी होती, त्यांतल्या काहींच्या म्हशी सोडायच्या राहिल्या होत्या. मला फार लाज वाटली. मी म्हटलं, "सासूबाईंचं निमित्त आहे. गाडी मलाच आवडलीय."

कुणी हसलं नाही. गुरवाने शांतपणे देवीकडे तोंड केलं. "आई, सासूचा नुसता निमित्त, हौस ह्याची सोताची, असा हा म्हणतो. ता खरा असेल तर उजवी दे."

उजवी पाकळी पडली. लगेच.

नारळ फुटला, सगळे उठले. मी गुरवाला म्हटलं, "पण गाडी घ्यायची का, ते विचारायचं राहिलं."

"एकदा कौल झाला की त्याच कामाला पुन्हा लावत नाय," तो पाकळ्या गोळा करत म्हणाला. "आणि आता विचारायचा काय उरलाय?"

 परतताना वाटेत एकदा बायकोला हसू आलं, ते तिने खोकल्यात घालवलं. मग माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "हवीच असेल तर घ्या. पण आईसाठी दुसरी काहीतरी सोय करू." ती हे मनापासून म्हणाली, आणि त्यामुळेच मला ती गाडी घेता आली नाही. ती भांडली असती तर कदाचित घेतली असती.

डॉक्टरांना फोन केला. "बरं झालं," ते म्हणाले. "मुलीला सांगतो गिऱ्हाईक मिळत नाही. अजून थोडे दिवस गाडी राहील माझ्याकडे."

आम्ही उंच सीटची गाडी घेतली. तिचं दार लागताना डबा लागल्यासारखा आवाज येतो. पहिल्याच रविवारी अलोऱ्याला गेलो. सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, मग काठी बायकोकडे दिली, दाराला धरून टेकल्या आणि पाय उचलून आत घेतला. कुणी हात लावला नाही. बायको काठी धरून तशीच उभी राहिली. तिला मागे बसायचं सुचेना.

चिपळूण सोडल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मनासारखी मिळाली ना हो गाडी?"

"नाही," मी म्हटलं. "मला दुसरीच आवडली होती."

 सासूबाई समोर बघत होत्या. पाय त्यांनी सरळ सोडला होता. सावर्डे गेलं.

"मग या गाडीवर राग काढताय होय?" शेवटी त्या म्हणाल्या. "जरा जोरात घ्या की. अशी चालवायची तर एसटी काय वाईट होती?"