देवाला सांगायचं नाव

आमच्या घरात माणसं मोजकी आणि नावं भरपूर. त्यातलं एकही मी इथं लिहिणार नाही. कोणतं लिहिलं आणि कोणतं गाळलं यावरून आमच्याकडे आठवडाभर कुरकुर चालते.

मेहकरात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं थोडी. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेब बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून जे नाव घेतात ते बायबलमधलं, आणि शाळेत, गल्लीत, बाजारात चालतं ते वेगळंच. "एक देवाले, एक गावाले," आजी म्हणायची. माझं देवाचं नाव एका राणीचं होतं आणि गावाचं एका फुलाचं. राणीला रविवारीच बोलावणं यायचं, तेही तेल लावून, वेण्या घालून. बाकीचे दिवस फूल मोकाट.

यावरून मी माझ्यापुरतं शास्त्र तयार केलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, देव आपल्याला नावानं ओळखतो, अशा अर्थाचं वचन होतं. तर देव ओळखतो ती राणी. शेजारच्या परसातले पेरू पाडते ते फूल. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. हे मी पेरूच्या झाडावर बसूनच पक्कं केलं आणि पुढचा पेरू निवांत खाल्ला.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. पाळकसाहेब एरवी आमच्यासारखंच बोलत, पण प्रार्थनेला उभे राहिले की पुस्तकातलं शुद्ध मराठी सुरू. त्यामुळे देव पुण्याकडचा असावा, अशी माझी समजूत होती.

माझे बाबा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. जळलेली मोटार घेऊन आसपासच्या खेड्यांतले शेतकरी यायचे आणि दुकानाच्या दारातूनच ओरडायचे, "मिस्त्री!" सारं गाव त्यांना मिस्त्रीच म्हणे, पाळकसाहेबसुद्धा. शाळेत माझ्या नावापुढे लागायचं ते त्यांचं गावाचं नाव. त्यांचं देवाचं नाव मात्र मी कधी ऐकलंच नव्हतं. ते लग्नात आणि मोठ्या आजारातच बाहेर निघायचं. आणि आई? बाई ख्रिस्ती असली म्हणून काय झालं, नवऱ्याचं नाव कशी घेईल? तिचं सगळं "अहो"वर भागायचं.

मी तिसरीत असताना एका शनिवारी बाबांचं पोट इतकं दुखलं की ते जमिनीवर लोळायला लागले. आई आणि काका त्यांना जीप करून बुलढाण्याला घेऊन गेले. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन करावं लागणार, वाचले तर नशीब, असा काकांचा फोन आला, तो आजी शेजारणीला सांगत होती ते मी दाराआडून ऐकलं. मी फार घाबरले. रात्रभर आजीला चिकटून पडले.

सकाळी आजी मला घेऊन चर्चला गेली. मी मनात एकच धरून होते, आज सगळे मिळून बाबांसाठी मागतील आणि काम होईल. पाळकसाहेब उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे दयाळू पित्या, आमच्या आजारी बंधूवर तुझा हात असू दे." आणि त्यांनी नाव घेतलं ते माशाच्या पोटात गेलेल्या संदेष्ट्याचं.

मी डोळे उघडले. पुढच्या बाकावर एक म्हातारबा नेहमी खोकत बसायचे. हे नाव त्यांचंच असणार. सगळी मंडळी मान खाली घालून त्या खोकल्यासाठी मागत होती आणि तिकडे माझे बाबा तसेच. मी आजीचा पदर ओढला. "गप बस वं," ती डोळे न उघडता म्हणाली.

आमेन झालं आणि मी बाकावर उभी राहिले.

"मह्या बाबाचं राह्यलं," मी म्हणाले. "तुम्ही दुसऱ्याच मानसासाठी मागून राह्यले."

आधी कुणी तरी हसलं, मग सगळेच. आजीनं कपाळाला हात लावला. मला रडू फुटलं. पाळकसाहेब तेवढे हसले नाहीत. ते खाली उतरून माझ्यापाशी आले.

"बरं बाई," ते म्हणाले, "मंग देवाले कोनतं नाव सांगू?"

मी माझ्याजवळची सगळी सांगितली. शाळेतलं सांगितलं, मिस्त्री सांगितलं, आणि कमी पडायला नको म्हणून आईचं "अहो"ही सांगून टाकलं.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "प्रभू," ते म्हणाले, "आमच्या मिस्त्रीले बरं कर. मोटारवाले मिस्त्री. ज्याईले हिची माय अहो म्हनते, तेच."

या वेळी "आमेन" सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं. देवाला आमची बोली कळते, हे बघून धीर आला. घरी येताना मात्र दुसरा विचार आला. ज्याला मिस्त्री कळतो त्याला फूलही कळत असणार. पेरू त्या दिवसापासून कडूच लागायला लागले.

बाबा वाचले. घरी आले तेव्हा आजीनं माझा पराक्रम सांगितला. ते टाके दुखतील म्हणून पोट धरून हसले. मग म्हणाले, "हिचं काही चुकलं नाही. ऑपरेशन झाल्यावर सिस्टर मले जागं करून राह्यली होती. कागदावरचं पूर्ण नाव घेऊ घेऊ हाका मारे. मले ऐकू येत होतं, पन वाटलं, बाजूच्या खाटंवरच्याले बोलावते. म्हटलं, बिचारा उठून काऊन नाही राह्यला?"

"मंग?" मी विचारलं.

"मंग तुही माय म्हनली, अहो."

आई तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण सूप हातातच थांबलं.

"मंग उठलो," बाबा म्हणाले.